काळी दोन : बडोद्यातले पाच दिवस

मंगळवार, १३ डिसेंबर १९८८

मुंबई सेंट्रलला गुजरात मेलमध्ये सगळ्यात आधी बास चढवला. आमच्या बँडच्या पितळी वाद्यांत तो सर्वांत मोठा. त्याला पेटी नव्हती, गोधडीत गुंडाळून सुंभाने बांधलेला असायचा, आणि आत काय आहे ते कळेना म्हणून हमाल त्याला हात लावत नसत. मग दोन ट्रॉम्बोन, युफोनियम, चार कॉर्नेट, आणि शेवटी माझा टेनर हॉर्न. त्याच्या पेटीची कडी तुटली होती, ती नाडीने बांधली होती. नऊ वाद्यं, आम्ही नऊ जण, त्यात मुली दोघीच, आणि बरोबर सर.

नगरच्या आमच्या कॉलेजात दरवर्षी नाताळाच्या आधी, आगमनकाळाच्या रविवारांत, एखाद्या परगावी जाऊन उपासनेची गीतं वाजवायचा रिवाज होता. चर्चमध्ये, दवाखान्यात, कुणाच्या अंगणात. त्या वर्षी बडोदं ठरलं. मी एस.वाय.ला होते. रोजचं टिपून ठेवायची निळी वही अजून माझ्याजवळ आहे. खालचं बरंचसं तिच्यातलं, उरलेलं आठवणीतलं.

वाद्यं बहुतेक मेरठची, जुनी घेतलेली. मेरठच्या जली कोठी भागात बँडच्या वाद्यांचे कारखाने आहेत, देशभरच्या लग्नांत वाजणारं पितळ बरंचसं तिथलं. माझ्या हॉर्नच्या घंटेला, म्हणजे पसरट तोंडाला, एक पोचा होता आणि दुसरी कळ अधूनमधून खालीच अडकायची. या दुसऱ्या कळेची गोष्ट पुढे येणार आहे.

टेनर हॉर्नच्या वाट्याला काय येतं ते आधी सांगते. पाश्चात्य चालीची गीतं चार आवाजांत लिहिलेली असतात. वरचा आवाज म्हणजे चाल, ती कॉर्नेटकडे. सगळ्यात खालचा बासकडे. टेनर हा तिसरा आवाज, तो ट्रॉम्बोन आणि युफोनियमकडे. दुसरा म्हणजे आल्टो, तो माझा. आल्टोला चाल नसते. ओळीच्या ओळी दोन-तीन सुरांत जातात, कधी तर अख्खी ओळ एकाच सुरावर. घरी सराव करायला बसले की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कुठलं गीत गं?" माझा आवाज एकटा ऐकून कुठलंच गीत ओळखता येत नसे. दीड वर्ष मी असं वाजवत होते आणि मला ते आवडत होतं, पण ते नेमकं कशासाठी आहे हे कळलं नव्हतं.

सरांचा एक नियम होता. वाद्य हातात घेण्याआधी गीताची सगळी कडवी गायची. "पितळेला शब्द नसतात. पण तुम्ही श्वास कुठे घेता त्यावरून ऐकणाऱ्याला कळतं, तुम्हाला शब्द ठाऊक आहेत की नाहीत," असं ते म्हणत. गाडीतही बोरिवली जाईपर्यंत आम्ही हळू आवाजात गात होतो. मग डब्यातले दिवे गेले.

बुधवार, १४ डिसेंबर

गाडी पहाटे चारच्या सुमाराला बडोद्याला लागली. फलाटावर उतरल्या उतरल्या चहा प्यायलो, कप दोन्ही हातांत धरून. सरांचे एक जुने मित्र न्यायला आले होते. मुलांची सोय फत्तेगंजात ख्रिस्ती घरांत केलेली होती, आम्हा दोघींची दांडिया बाजारात त्या मित्रांच्याच वाड्यात. ते देशस्थ ब्राह्मण, चार पिढ्या बडोद्यात. गायकवाडांच्या दरबारात पणजोबा कारकून होते, तेव्हापासूनचा वाडा.

मनात थोडी धाकधूक होती. घरात देव्हारा, सोवळ्यातल्या आजी, आणि आम्ही दोघी ख्रिस्ती. नाश्त्याला सेव उसळ आली. लाल तरी, वर जाड शेव, हिरवा पातीचा कांदा, बाजूला पाव. आजी समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यात जेवायच्या आधी प्रार्थना म्हणतात ना? म्हणा, मी थांबते." आम्ही म्हटली. संपेपर्यंत त्यांनीही हात जोडलेले होते. धाकधूक तिथेच संपली.

त्यांची मराठी ऐकत राहावी अशी होती. झोपाळ्याला हिंचका, मध्येच एखादं "हां, बराबर", आणि बाकी सगळं जुन्या वळणाचं, आमच्या नगरकडे आता ऐकू न येणारं.

संध्याकाळी सर आम्हाला सूरसागराकडे घेऊन गेले. तळ्यातली शंकराची उंच मूर्ती तेव्हा नव्हती, नुसतं पाणी आणि काठचे दिवे. तळ्याजवळच संगीत महाविद्यालय आहे. मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली. गाणं कागदावर लिहिता यावं म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती. उस्तादांच्या घरात राहून शिकायची विद्या शाळेच्या बाकावर आली ती इथे. सुफी विचार युरोप-अमेरिकेत नेणारे इनायत खान हे मौलाबक्षांचे नातू, १८८२ साली याच गावात जन्मले. आणि भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तीही बडोद्यातच, १९१६ साली. सर हे सगळं फाटकाबाहेर उभे राहून सांगत होते. आत कुणीतरी सारंगी लावत होतं. आम्ही बराच वेळ हललो नाही.

गुरुवार, १५ डिसेंबर

सकाळी एका दवाखान्यात वाजवलं. व्हरांड्यात उभे राहिलो, घंटा भिंतीकडे वळवल्या म्हणजे आवाज मऊ होतो. चार गीतं, वीस मिनिटं. एका खाटेवरच्या बाईंनी पुन्हा तेच वाजवा अशी खूण केली, म्हणून शेवटचं दोनदा.

संध्याकाळी वाड्याच्या चौकात. आजींनी आजूबाजूच्या घरांत निरोप धाडला होता. सतरंज्या पडल्या, पन्नासेक माणसं जमली, बहुतेक मराठी, काही गुजराती शेजारी. सुरुवात नेहमीप्रमाणे शंभराव्या स्तोत्राच्या जुन्या चालीने केली. ही चाल १५५१ च्या जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली. चार ओळी, प्रत्येक ओळीच्या शेवटी लांब सूर, तिथे सगळ्यांनी एकत्र श्वास घ्यायचा. नवा गट बांधायला याच्याइतकं चांगलं गीत नाही, कारण त्यात लपायला जागाच नाही. चारशे वर्षं माणसं या चालीवर एकत्र श्वास घेत आली आहेत, हे मला तेव्हाही अंगावर काटा आणणारं वाटे.

मग नाताळची दोन गीतं. लोकांनी मन लावून ऐकली. आणि मग टिळकांचा अभंग.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या नगरचे. जन्म कोकणातला, करजगावचा, १८६१ चा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाल्यावर त्यांच्या आयुष्यातली बरीच वर्षं नगरला गेली. त्यांच्याआधी मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बेतलेली गीतं फार होती. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळं उपासनेत आणलं. 'उपासना संगीत' उघडलं की पानोपानी त्यांची गीतं लागतात. आमच्या दौऱ्यात त्यांचं एक तरी असायचंच. तो अभंग आमच्या मंडळीत भीमपलास रागाच्या अंगाने गायला जाई, काळी दोनमध्ये, म्हणजे बाजाच्या पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून. पितळेच्या बँडसाठी आधीच्या कुणीतरी तो चार आवाजांत बसवून ठेवला होता, त्याच प्रतीवरून आम्ही वाजवायचो.

चौकात लोकांना शब्द माहीत नव्हते, पण अभंगाचा साचा कुठल्या मराठी माणसाला माहीत नसतो? दुसऱ्या कडव्याला टाळ्यांचा ठेका सुरू झाला, दोन-तीन बायका गुणगुणू लागल्या. आणि ओळीच्या शेवटाशी त्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा तिथेच थांबल्या. तिसऱ्या कडव्यापर्यंत ठेकाही विरला. आम्ही एकही सूर चुकलो नव्हतो. तरी काहीतरी चुकत होतं हे माझ्या पाठीला कळत होतं.

कार्यक्रम संपल्यावर खालच्या खोलीत राहणारे एक आजोबा काठी टेकत आले. बारीक अंगाचे, काळी टोपी, समोरचे दात नाहीत. म्हणाले, "छान वाजवता. स्वच्छ वाजवता. पण अभंगाला धाप लागली तुमच्या." मग सरांकडे वळून, "मी संस्थानच्या बँडात होतो. कॉर्नेट. उद्या पोरांना पाठवा माझ्याकडे."

शुक्रवार, १६ डिसेंबर

वहीत या दिवसाची सात पानं आहेत.

खोली एवढीशी. एक खाट, एक ट्रंक, भिंतीवर विठोबाची तसबीर आणि तिच्याशेजारी सयाजीराव महाराजांची. नऊ जण आत मावेनात, म्हणून बासवाला आणि दोन कॉर्नेटवाले उंबऱ्याबाहेर बसले. आजोबांनी सांगितलं की महाराज गेले त्या साली, म्हणजे १९३९ ला, ते बँडात दुसरा कॉर्नेट वाजवायचे. कमाटीबागेत संध्याकाळी वाजवायचे, दसऱ्याच्या स्वारीत वाजवायचे. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, मग काही वर्षं लग्नात वाजवलं. पुढचे दात गेले तेव्हा थांबले. कॉर्नेटवाल्याचे ओठ दातांच्या आधाराने उभे असतात, दात गेले की ओठाला टेकायला भिंतच राहत नाही. हे त्यांनी बोटाने ओठ दाबून दाखवलं, आणि लगेच दुसरा विषय काढला.

त्यांना बारीक दिसत नसे. म्हणून प्रत्येकाला आपापला आवाज एकेकट्याने वाजवायला लावला, डोळे मिटून ऐकला. पहिला कॉर्नेट झाला, ट्रॉम्बोन झाले. माझी पाळी आली. मी पहिली ओळ वाजवली.

"थांब. शेवटचे दोन सूर पुन्हा."

वाजवले.

"हा नी तुझा आहे तर!"

माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी समजावलं ते असं. भीमपलासात गंधार कोमल आणि निषादही कोमल. पण चार आवाजांची पाश्चात्य बांधणी करणारा ओळीच्या शेवटी सा वर उतरायच्या आधी त्याच्या सवयीने निषाद चढवून शुद्ध करतो, कारण त्या पद्धतीत घरी यायचं दार तेच आहे. त्यांच्या गीतांत ते शोभतंही. इथे तो शुद्ध नी मधल्या आवाजात लपून बसला होता, माझ्या हॉर्नमध्ये, दुसऱ्या कळेखाली. चाल गाणाऱ्या बाईला तो वेगळा ऐकू येत नाही, पण तिचा कान अडखळतो आणि ती गप्प होते. काल चौकात तेच झालं होतं.

"मग मी काय वाजवू, आजोबा?"

"कळ सोड. एकही कळ दाबू नकोस. वाजव."

मी मोकळा सूर वाजवला.

"हा काय आहे?"

"सी," मी म्हटलं. ई फ्लॅट हॉर्नच्या कागदावर तो सी असतो, वाजतो मात्र ई फ्लॅट.

"कागदावरचा नको सांगू. बाजाच्या पेटीवर लावून बघ." माझ्या मैत्रिणीने, ती पहिला कॉर्नेट वाजवायची, वरून आजींची पेटी आणली. दाबत दाबत गेली. काळी दोन.

"तुझ्या वाद्याचा मोकळा सूरच तुमच्या अभंगाचा सा आहे, पोरी. आणि तू तो सोडून इकडेतिकडे कुठे फिरतेस? तो धर. अभंग संपेपर्यंत धर."

म्हणजे तानपुऱ्यासारखं. कॉर्नेटचा मोकळा सूर बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच, म्हणजे या सा चा पंचम. तिसऱ्या आणि चौथ्या कॉर्नेटला त्यांनी तो धरायला सांगितला. बासला खालचा सा. मेरठच्या त्या जुन्या नळ्यांमध्ये तानपुरा आधीपासूनच होता, कुणी तो छेडला नव्हता.

सरांनी शंका काढली की सा इतका वेळ धरायचा तर श्वासाचं काय? आजोबा म्हणाले, दोघांनी धरायचा. मी आणि युफोनियमवाला. माझा दम संपायच्या आत त्याने हळूच शिरायचं, तो पुरता लागला की मी सोडायचं, आणि दोघांनी एका वेळी कधीच सोडायचं नाही. हे बोलायला सोपं. सकाळभर आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यांकडे बघत बसलो होतो, कारण श्वास आधी खांद्यात दिसतो.

मग चाल कुणी वाजवायची यावर आले. पहिलं कडवं कॉर्नेट, पण एकटा, बाकी सगळे सा आणि प वर. दुसऱ्यासाठी त्यांनी ट्रॉम्बोनकडे बोट दाखवलं. "लांब नळीवाल्याला गाऊ दे." कळांचं वाद्य एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतं, मधली वाट त्याला नाही. ट्रॉम्बोनला आहे. त्याच्या नळीच्या सात जागा असतात, आणि काळी दोनच्या सा ला मध्यम तिसऱ्या जागेवर येतो, कोमल गंधार पाचव्या. म्हणजे मध्यमाचा स्पर्श घेऊन गंधारावर उतरायचं तर नळी नुसती पुढे सरकवायची, फुंक तुटू द्यायची नाही. आमच्या ट्रॉम्बोनवाल्याने पहिल्यांदा केलं तेव्हा ते सर्कशीतल्यासारखं घसरलं. आजोबांनी स्वतः गाऊन दाखवलं, दातांशिवाय, फुटक्या आवाजात, पण गंधार असा की खोलीत कुणी हललं नाही. ट्रॉम्बोनवाला वीसेक वेळा तीच जागा घोटत राहिला. एकविसाव्या वेळी की कधी, तो गंधार लागला. आजोबा नुसते "हं" म्हणाले.

आणि शेवटी श्वास. काल रात्री ते धाप म्हणाले होते ते याबद्दल. आमचे कॉर्नेट प्रत्येक चरणानंतर श्वास घ्यायचे, कारण पाश्चात्य गीतांत ओळ संपली की श्वास घ्यायची आम्हाला सवय. आजोबांनी आम्हाला बोटांवर अक्षरं मोजायला लावली. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा.

"चौथ्याला दोन अक्षरं कमी का?" त्यांनी विचारलं. आम्ही शाळेत हे पाठ केलं होतं, पण का ते कुणी विचारलं नव्हतं. "ती दोन अक्षरांची जागा श्वासाला ठेवलीय. वारीत चालता चालता गायचंय ना! तिथे घे. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये घेतलास तर अभंग तुटला."

छंदशास्त्र याला काय म्हणेल ते म्हणो. मी त्यानंतर जितके अभंग गायले, वाजवले, त्या सगळ्यांत मला ही दोन अक्षरांची मोकळी जागा दिसत आली आहे.

दुपारी आजींनी सगळ्यांना तिथेच जेवू घातलं. तुरीच्या दाण्यांच्या कचोऱ्या होत्या, हिवाळ्यातच मिळतात त्या. सर जेवता जेवता कागदावर नवे आवाज लिहून काढत होते, कागदाला तेलाचे डाग पडत होते.

शनिवार, १७ डिसेंबर

सकाळी दोन तास सराव. दुपारी कमाटीबाग. तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहिली, बागेत आजोबांच्या बँडस्टँडपाशी जरा बसलो. लक्ष्मीविलास राजवाडा रस्त्यावरून दिसला तेवढा. माझी दुसरी कळ पुन्हा अडकली. सरांनी ती काढून, पुसून, शिलाई मशीनचं तेल घालून बसवली. उद्या अभंगात ती लागणार नव्हती, पण बाकीच्या गीतांत लागणार होती.

रात्री मैत्रीण आणि मी गच्चीत झोपायला गेलो आणि थंडीने परत खाली आलो. खालच्या खोलीतून आजोबांच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. आमचाच अभंग. शब्द त्यांना एव्हाना पाठ झाले होते.

रविवार, १८ डिसेंबर

आगमनकाळाचा चौथा रविवार. फत्तेगंजातलं जुनं, कॅन्टोन्मेंटच्या काळापासूनचं चर्च. उपासना गुजरातीत होती, आमची गीतं मध्ये मध्ये.

या चर्चची एक गोष्ट सरांनी आम्हाला पायऱ्यांवर सांगितली, मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेली. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर उत्तर हिंदुस्थानातून लांबचा प्रवास करत १८२५ च्या मार्चमध्ये बडोद्याला पोचले, आणि इथल्या चर्चचं समर्पण त्यांच्या हातून झालं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८२६ मध्ये, ते त्रिचनापल्लीला वारले. हेबर कवी होते. 'पवित्र, पवित्र, पवित्र' हे गीत मूळ त्यांचं, इंग्लंडात खेड्यातल्या चर्चमध्ये धर्मगुरू होते तेव्हाचं. आज ते ज्या चालीवर जगभर गातात ती जॉन बॅकस डाइक्स यांची, १८६१ ची. म्हणजे हेबर बडोद्याला आले तेव्हा शब्द होते, ही चाल नव्हती. त्यांनी स्वतःचं गीत असं कधी ऐकलंच नाही. आज सकाळी पहिलं गीत आम्हाला तेच वाजवायचं होतं.

आत गारठा होता. पितळ गार असलं की सूर उतरतो, कारण नळीतली हवा गार असली की आवाज सावकाश जातो. दहा अंशांच्या फरकाने अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा सूर खाली येतो. पेटी मात्र जागची फारशी हलत नाही. त्यामुळे उपासनेआधी दहा मिनिटं आम्ही नऊ जण ओळीने बसून आवाज न करता वाद्यांत नुसती ऊन फुंक घालत होतो. शेजारच्या बाकावरच्या एका लहान मुलाने आईला विचारलं, हे काय करतायत? आई म्हणाली, ऊब देतायत. मग सरांनी प्रत्येकाच्या सुरावळणीची नळी जराजरा आत ढकलली आणि पेटीशी सूर मिळवून घेतले.

हेबरांचं गीत आमच्या प्रतीत ई फ्लॅटमध्येच होतं. पुन्हा काळी दोन! दीड वर्ष ते मी वाजवत होते, आणि त्या सकाळी पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. वर कॉर्नेट चढत जातात, खाली बास पावलं टाकतो, आणि मधला आवाज जवळजवळ जागेवर उभा राहतो. तो उभा असतो म्हणून वरच्यांचं चढणं कळतं. या गीतात ओळीच्या शेवटचा शुद्ध नीही होता, तोच, दुसऱ्या कळेखालचा. इथे तो त्याच्या घरी होता. मी तो मनापासून वाजवला. सगळं चर्च गात होतं, गुजराती शब्दांत, आणि श्वास सगळ्यांचा एकाच जागी.

अभंग प्रवचनानंतर होता. मी हॉर्न उचलताना मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर आजोबा, टोपी मांडीवर, शेजारी आजी आणि वाड्यातले काका-काकू, म्हणजे सरांचे मित्र आणि त्यांच्या पत्नी. ते येणार आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी सा लावला. युफोनियम शिरला. पंचम आला, खालचा सा आला. थोडा वेळ नुसता तो आवाज, चालीशिवाय. माझ्या मैत्रिणीने पहिलं कडवं एकटीने वाजवलं आणि चौथ्या चरणानंतरच्या त्या दोन अक्षरांत श्वास घेतला, दुसरीकडे कुठेही नाही. ट्रॉम्बोनचा गंधार मध्यमावरून उतरला. तिसऱ्या कडव्याला सगळे चालीत आले, फक्त सा धरणारे आम्ही तसेच. कुणीतरी टाळीचा ठेका धरला. मागून एक फुटका आवाज आला, मराठी शब्दांत, आणि त्याच्यामागे आजींचा. शेवटच्या कडव्यापर्यंत निम्मं चर्च गुणगुणत होतं. ओळीच्या शेवटाशी कुणी थांबलं नाही.

मला चाल दिसत नव्हती, कारण माझं सगळं लक्ष युफोनियमवाल्याच्या खांद्यांवर होतं. पण माझ्या ओठांवरचा सूर सगळ्यांच्या पायाखाली आहे हे मला कळत होतं. हॉर्न हातात आल्यापासून मी ज्याची वाट पाहत होते ते हेच होतं.

रात्री स्टेशनवर आजींनी लिला चिवड्याचा पुडा दिला. आजोबा आले नव्हते. थंडीत बाहेर पडू नये म्हणून काकांनीच येऊ दिलं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी एक कागद पाठवला होता, सरांनी शुक्रवारी जेवताना लिहिलेलाच, त्यांनी वाचून घ्यायला मागून ठेवला होता. वाचून कुणाकडून घेतला ते माहीत नाही.

तो कागद आता हॉर्नच्या पेटीत, अस्तराच्या आत आहे. हॉर्न पुढे दुसऱ्या मुलीकडे गेला, पेटी बदलून दिली, जुनी मी ठेवून घेतली. कागदावर माझ्या आवाजात एकच सूर आहे, चोवीस मात्रांपर्यंत ओढलेला, आणि पुन्हा तोच. कोपऱ्याला तेलाचा डाग. तिसऱ्या चरणाखाली जाड पेन्सिलने, डोळ्यांनी नीट न दिसणाऱ्या माणसाच्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'इथे नको'. आणि चौथ्याच्या पुढे, 'आता घे'.